गोफण्याच्या शेजारची जागा

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या अंकात गारगोटी निळी छापली गेली. हिंगोलीहून निघणाऱ्या आमच्या साप्ताहिकाचा तो पहिला रंगीत अंक होता. शेवटच्या पानावर नेहमीची चित्रकथा होती, 'गोफण्या आणि गारगोटी'. तिच्या शेवटच्या चौकटीत गोफण्या काळ्या शाईत ठळक उभा होता. त्याच्या शेजारी, जिथे कोरा कागद दिसायला हवा होता, तिथे एका मुलीची फिकट निळी आकृती होती. तिच्या हातात गोफण होती. ती आकृती अशी निळी छापली जावी असे कोणालाच वाटत नव्हते. तरी ती कोणामुळे छापली गेली, यावर त्या दिवसापासून आजपर्यंत एकमत झालेले नाही.

यंदा पुन्हा हळद निघाली आहे. वसमत सोडून कुरुंद्याच्या रस्त्याला लागले की शेताशेतात हळद शिजवायचे कुकर उभे दिसतात. झाकणाखालून वाफ निघते, आणि ओली माती, उकडलेला कंद आणि काहीतरी औषधी असा एकत्र वास गाडीच्या बंद काचेतूनही आत येतो. शिजलेली हळद ताडपत्रीवर पसरलेली असते. ती अजून पिवळी दिसत नाही, मातकट दिसते. पिवळेपणा आत असतो. ड्रममध्ये घासून निघाल्यावर तो दिसू लागतो. या दिवसांत आमच्याकडे न खपता परत येणाऱ्या अंकांच्या गठ्ठ्यांनाही हाच वास असतो. यंदा पहिला गठ्ठा सोडला तेव्हा तो आला, आणि मागच्या वर्षीचे ते शेवटचे पान डोळ्यांसमोर आले.

गोफण्याची गोष्ट जिल्ह्यातल्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे, पण सगळ्यांना नाही. गोफण्या हा मळ्यातल्या माचाणावर बसणारा राखणदार. त्याच्या गोफणीतून सुटलेला दगड कितीही लांब जातो आणि नेम चुकत नाही. परदेशी महानायकांच्या पाठीवर रेशमी झगा असतो, गोफण्याच्या खांद्यावर घोंगडी असते. ती वाऱ्यात उडत नाही, नुसती लोंबते. मोटारपंप चोरणारी टोळी, वाळू उपसणारी टोळी, आणि एकदा आभाळातून उतरलेला टोळधाडीचा राजा, असे त्याचे शत्रू. गारगोटी त्याची साथीदार. दोन वेण्या, आखूड परकर, कमरेला झोळी. कयाधू नदीच्या पात्रातले दगड ती वेचून आणते. कोणत्या कामाला कोणता दगड, हे तिला कळते. शत्रू दिसला की ती दगड पुढे करते आणि गोफण्या तो मारतो. वर्षानुवर्षे गोष्ट अशीच चालली होती.

ती काढणारे दोघे होते. दिगंबर सर वसमतला चित्रकला शिकवत. निवृत्त होऊन कुरुंद्याला घरच्या शेतात राहू लागले. शारदा कुरुंद्याचीच, त्यांची विद्यार्थिनी. शाळेत असताना ती सरांच्या चित्रांत काळा रंग भरायची. मग शाई तिच्याकडे आली, मग अक्षरे, मग पार्श्वभूमीची झाडे आणि विजेचे खांब. गारगोटी तिनेच काढली. गोफण्या माचाणावर एकटा बसतो, तो बोलणार कोणाशी, असा प्रश्न तिने विचारला होता आणि उत्तर म्हणून ही मुलगी कागदावर उभी केली होती. सरांनी ती ठेवली. आता शारदाचे औंढा नागनाथला देवळाच्या रस्त्यावर फ्लेक्सचे दुकान आहे. वाढदिवस, बारसे, श्रद्धांजली, सगळ्यांचे फलक ती संगणकावर करते. चित्रकथा मात्र दोघेही हातानेच करत.

त्यांची एक पद्धत होती. आधी फिकट निळ्या पेन्सिलीने सगळे रेखाटायचे, त्यावर टाकाने काळी शाई द्यायची, आणि निळे खोडायचे नाही. छापखान्यातल्या जुन्या कॅमेऱ्याला फिकट निळा दिसत नसे. खोडरबर फिरवला की कागदाची लव उठते आणि शाई फुटते, म्हणून सर तो हातातही घेऊ देत नसत. त्यामुळे त्यांची मूळ पाने विचित्र दिसत. काळ्या रेषेखाली निळ्या रेषांचा सगळा पसारा असे. फसलेले हात, बदललेल्या माना, चौकटीतून काढून टाकलेली माणसे. छापल्यावर त्यातले काही उरत नसे. पुढे स्कॅनर आला तेव्हाही पान काळ्या-पांढऱ्यातच स्कॅन होई आणि निळे निघून जाई.

पाडव्याचा अंक रंगीत होता. छपाईचे काम पाहणाऱ्या इम्रानने पान रंगीत स्कॅन केले. नंतर विचारले तेव्हा तो म्हणाला, "मेरे को कलर बोले, मैंने कलर किया. और अच्छा तो दिख रहा था, भूत के माफिक."

त्या चौकटीतली निळी गारगोटी शारदाने काढलेली होती. ती त्या भागात मोठी व्हावी असे शारदाला वाटत होते. दोन वेण्या जाऊन एक वेणी आली होती, परकर जाऊन पंजाबी ड्रेस आला होता, आणि हातात स्वतःची गोफण होती. शाई देण्याआधी दाखवावे म्हणून ती पान घेऊन कुरुंद्याला गेली. सरांनी ते पाहिले आणि म्हणाले, "ठेवून जा." तिला वाटले, त्यांना पटले. सरांनी शाई स्वतः दिली. गोफण्याला दिली, माचाणाला दिली, मळ्याला दिली. गारगोटीला दिली नाही.

हिंगोलीच्या बसस्थानकाबाहेर एका गाड्यावर जुनी कॉमिक्स मिळत. हिंदीत, कधी मराठीत आणलेली परदेशी कॉमिक्स, मुखपृष्ठ फाटलेली, कोणाचे तरी नाव आत लिहिलेली. मी ती खूप वाचली आहेत. त्यांत एक गोष्ट वेगवेगळ्या मुखवट्यांनी पुन्हापुन्हा येते. महानायकाला एक पोर सापडते. तो त्याला उडी मारायला शिकवतो, पडायला शिकवतो, मुखवटा देतो. पोराच्या बडबडीने गोष्ट हलकी होते, खप वाढतो. मग पोर मोठे होते. एका अंकात त्याला घरी थांबायला सांगितले जाते. पुढच्या अंकात ते घर सोडते, दुसरे शहर धरते, दुसरा पोशाख शिवते, दुसरे नाव घेते. महानायक त्याचा जुना पोशाख काचेच्या कपाटात लावून ठेवतो आणि रोज त्याच्यासमोरून जातो. पोशाख जपला जातो, ज्याने तो घातला त्याला फोन केला जात नाही.

ही भांडणे लेखकांना का लागतात, हे वाचताना कळत नाही. चित्रकथेचे पान दर आठवड्याला लावताना कळते. त्या जगात काळ थांबवलेला असतो. नायकाचे केस पांढरे होत नाहीत, वाचकांची पिढी बदलली तरी तो तेवढाच असतो. साथीदाराला ते जमत नाही, कारण तो लहान म्हणूनच आणलेला असतो आणि लहान माणसाकडे पाहणारा प्रत्येक जण तो कधी वाढतो याची वाट पाहतो. तो वाढला की थांबवलेला काळ सुटतो. तो नायकाच्याही अंगावरून जातो.

अंक बाहेर पडल्यावर विचारणा सुरू झाली. कनेरगाव नाक्यावर चहाला थांबलो असताना धाब्याच्या मालकाने ओळखले आणि बिलाआधी तोच प्रश्न टाकला. "काहो, त्या पोरीला मारून टाकलं का तुमी?" मी म्हणालो, तसे काही ठरलेले नाही. तो म्हणाला, "मंग भूत काहून केलं? आमची मंडळी दोन दिवस झाले चिडून राहिली माझ्यावर. जसं काही म्याच मारलं." कार्यालयातही फोन येत होते. संपादकांनी मला कुरुंद्याला पाठवले. पुढच्या अंकात काय जाणार, एवढे विचारून यायचे होते.

सरांच्या शेतात तेव्हा हळद शिजत होती. कुकरखाली जळण धडधडत होते. पलीकडे ताडपत्रीवर बायका गड्डे आणि हळकुंडे वेगळी करत बसल्या होत्या. त्यांच्या नखांत, हाताच्या रेघांत, पदराच्या काठात हळद होती. आमचा अंक तिथे पोहोचलेला होता. भाकरीच्या फडक्याखाली तो पसरलेला होता. मजूर बायकांतल्या वयस्क कौसाबाईंनी त्यावरचे फडके उचलले आणि सरांना हाक मारली.

"सर, ही पोर निळी काहून केली हो?"

दुसरी बाई म्हणाली, "मेली असंल."

"मेली तर हातात गोफण कशी?"

"मेल्यावर मिळती ना बायकांला," कौसाबाई म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. सर हसले नाहीत. ते कुकरच्या नळीकडे पाहत राहिले. वाफ त्यांच्या चष्म्यावर बसली होती, ती त्यांनी पुसली नाही.

शारदा त्याच दुपारी स्कूटीवरून आली. उन्हात बांधाला गाडी लावली, तोंडाचा स्कार्फ सोडला आणि सरांच्या पाया पडली. सरांनी डोक्यावर हात ठेवला. इथपर्यंत सगळे रीतीप्रमाणे झाले. मग सरांनी विचारले, "पेन्सिल एवढी दाबून काहून चालवलीस?"

"नेहमीसारखीच चालवली, सर."

"रंगीत अंक आहे, हे ठाऊक होतं तुला."

"निळं छापत न्हाई, हे तुमीच शिकवलं. म्या कशाला विचार करू त्याचा?"

"म्हणजे चूक माझी."

"तसं म्हणलं न्हाई म्या. पर शाई तुमी लावली. मला एक फोन केला असता, 'शारदे, हिला ठेवत न्हाई' म्हणून, तर म्या काय भांडले असते का?"

"भांडली असतीस," सर म्हणाले.

शारदा थोडी हसली. "व्हय. भांडले असते."

तेवढ्यापुरते दोघांच्या चेहऱ्यावर जुने काहीतरी येऊन गेले. ज्यांनी दोघांना एकाच पाटावर कागद ठेवून काम करताना पाहिले आहे त्यांना ते ओळखता आले असते. पाटाच्या एका टोकाला सरांचा हात, दुसऱ्या टोकाला तिचा. कागद मध्ये, शाईची बाटली तिच्या बाजूला, कारण सरांच्या बाहीने ती सांडत असे. न विचारता ती कागद फिरवायची आणि न विचारता ते हात उचलायचे. त्या दुपारी त्यांच्यामध्ये वाळत घातलेली हळद होती.

"तिला मोठी केली तर काय बिघडतं, सर?" शारदाने विचारले. "दगडच देत राहिली ती इतकी वर्षं. एकदा तिच्या हातात गोफण दिली तर गोफण्याचं काय कमी होतं?"

सर म्हणाले, "ती मोठी झाली की तो म्हातारा होतो. म्हाताऱ्या राखणदाराला मळ्यावर ठेवतं का कोणी?"

हे वाक्य मी त्या दिवशी टिपून घेतले नाही. टिपायची गरज पडली नाही. सरांच्या उजव्या हाताचा अंगठा तेव्हाच थरथरू लागला होता, हे काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, पुढे सांगितले. पाडव्याच्या पानावरच्या गोफण्याच्या रेषा आता पाहिल्या तर जाड आहेत. गारगोटीला नेहमी बारीक रेषा लागत. सरांनी तिला शाई दिली नाही ती मनातून की हातामुळे, हे त्यांनी कोणाला सांगितलेले नाही. शारदालाही नाही. तिला हाताचे माहीत आहे का, हेही विचारून झालेले नाही.

"मग तिला मला द्या," शारदा म्हणाली. "म्या तिची वेगळी गोष्ट काढते. तुमच्या गोष्टीत तिला ठेवा, न ठेवा, तुमची मर्जी."

कुकरवाल्या गड्याने झाकण उघडले. वाफेचा लोट उठला आणि काही वेळ कोणीच कोणाला नीट दिसले नाही. वाफ विरली तेव्हा सर म्हणाले, "घेऊन जा. पण गोफण्याचं नाव तुझ्या गोष्टीत येता कामा नये. त्याचा मळा नाही, माचाण नाही, घोंगडी नाही."

"मंग तिला गोफण शिकवली कोणी म्हणू?"

"आता तू लेखिका आहेस. सुचेल काहीतरी."

शारदाने स्कार्फ पुन्हा बांधला. काकू चहा घेऊन येत होत्या. ती त्यांच्या हातातला कप घेऊन उभ्याउभ्याच प्यायली, कप विसळून ठेवला आणि गेली. संपादकांचा प्रश्न मी विचारला. सर म्हणाले, "गोफण्या जाईल. पुढच्या अंकापासून नुसतं 'गोफण्या' छापा."

तेव्हापासून आमच्या शेवटच्या पानावर गोफण्या एकटा आहे. पान लावताना फरक दिसतो. पूर्वी दगड हातात यायचा; आता त्याला वाकून उचलावा लागतो. दर भागातल्या एकदोन चौकटी नुसत्या वाकण्यात जातात. शत्रू तोपर्यंत थांबलेला असतो. दुसरा फरक फुग्यांचा आहे. बोलण्याचा फुगा गुळगुळीत असतो आणि त्याचे टोक तोंडाकडे असते. मनातल्या विचाराचा फुगा ढगासारखा असतो. गोफण्याच्या पानावर आता सगळे ढगच असतात. अक्षरे सरांची आहेत. ओळी थोड्या उतरत्या जातात. संपादकांनी एकदा सुचवले की इम्रान संगणकावर अक्षरे टाकेल. सरांनी नको म्हटले.

परदेशी कॉमिक्समध्ये या दुराव्यावर एक ठरलेला उपाय असतो. एवढे मोठे संकट येते की एकट्याने भागत नाही. शहर जळत असते, आणि दोघे पाठीला पाठ लावून उभे राहतात. माफी कोणी मागत नाही, तेवढा वेळच नसतो. वाचकाला बरे वाटते. हिंगोली जिल्ह्यात मागच्या वर्षभरात संकटे आली. सरांच्या हळदीला करपा आला. शारदाच्या दुकानातले छपाईचे यंत्र बिघडले आणि लग्नसराईतच बंद राहिले. पण ती त्या दोघांवर वेगवेगळी आली, आणि ज्याची त्याने निस्तरली.

शारदाचा 'गारगोटी'चा पहिला अंक यंदा संक्रांतीनंतर निघाला. पातळ, काळा-पांढरा, तिच्याच दुकानात विकायला ठेवलेला. त्याची बातमी करायला मी औंढ्याला गेलो. गोष्ट नदीच्या काठावर सुरू होते. एक तरुण मुलगी गोफण फिरवत उभी आहे. ती कुठून आली, कोणाकडे राहिली, नेम कोणी शिकवला, यातले काहीच येत नाही. पहिल्याच पानापासून तिला सगळे येते. वाचायला सुरुवात केली की काहीतरी निसटल्यासारखे वाटते. मधली पाने गळाली की काय, म्हणून मी आकडे पाहिले. पाने बरोबर होती.

"लोक विचारतात का?" मी शारदाला विचारले.

"सगळेच इचारतात. म्या म्हणते, पुढं येईल."

"येणार आहे का?"

ती संगणकाकडे वळली. पडद्यावर कोणाच्या तरी पुण्यस्मरणाचा फलक अर्धा झाला होता. "शब्द दिलाय ना सरांना," ती म्हणाली. "त्याच्यात बसंल तसं करायचं."

मी तिथेच असताना काकू आल्या. सोमवार होता, त्या नागनाथाच्या दर्शनाला आल्या होत्या. कपाळावर भस्म, हातात प्रसादाची पिशवी. पंख्याखाली बसून त्यांनी पाणी घेतले. शारदाने सरांची तब्येत विचारली. "हाय तशीच हाय," काकू म्हणाल्या. मग पिशवीचे बंद सारखे करत त्या म्हणाल्या, "तुझं पुस्तक मी नेलं होतं मागच्या सोमवारी. त्यायनं पाहिलं."

शारदाने माउसवरचा हात काढला. "काय म्हणले?"

"काय म्हणतील. रोज चष्मा लावून बघून राहिले. मला वाटलं, काही बोलतील. तर काल जेवताना म्हणले, तिला सांग, गारगोटी डावखुरी हाय. तुझ्या पुस्तकात उजव्या हातानं मारती म्हणे ती."

"एवढंच?"

"एवढंच बाई."

शारदा उठली, कपाटाच्या वरच्या फळीवरून आमच्या साप्ताहिकाची जुनी कात्रणे काढली आणि पसरली. सगळीकडे तेच. गारगोटी दगड पुढे करते आहे, डाव्या हाताने. एका कात्रणात नाही, दोनांत नाही, प्रत्येकात. सरांचे म्हणणे खोटे नव्हते. शारदा ती कात्रणे पाहत राहिली. रस्त्यावर प्रसादवाले ओरडत होते, एक बस वळण घेताना हॉर्न वाजवत होती.

"डावखुरी नव्हती ती, काकू," शारदा म्हणाली. "तो तिच्या डाव्या अंगाला उभा राहायचा. म्हणून त्या हातानं द्यायची."

काकूंनी चित्राकडे पाहिले, मग तिच्याकडे. "सांगू का त्यायला असं?"

शारदाने कात्रणे गोळा केली. काकूंना बसस्थानकावर सोडायला ती स्कूटी काढून गेली.

'गारगोटी'चा दुसरा अंक परवा छापून आला. त्यात गारगोटी उजव्या हाताने गोफण फिरवते.